मात्रा

मराठीत ‘दारू’ हा शब्द उच्चारला की आज प्रथम मद्याची आठवण होते. बंदुकीत ठासावयाच्या दारूची आठवण त्यामागून येते. आणि फारसीतील त्याचा मूळ अर्थ तर बहुतेकांच्या मनातून पुसलाच गेला आहे. फारसीत दारू म्हणजे औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात मराठीने तो अर्थ जपून ठेवला आहे खरा, परंतु जोडशब्दातले दुसरे पद बोलताना कोणी उलगडून पाहत नाही. सरावाने झिजलेल्या नाण्यावरची अक्षरे जशी हाताला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत, तशी या अर्थाची स्थिती झाली आहे.

चेन्नईत येऊन राहणाऱ्या मराठी माणसाला हा हरवलेला अर्थ अकस्मात भेटतो. तमिळमध्ये ‘मरुंदु’ म्हणजे औषध. आणि स्फोटक दारूला शब्द आहे ‘वेडिमरुंदु’, म्हणजे फुटणारे औषध. उत्तरेला तेलुगू प्रदेशात जावे तर ‘मंदु’ हा एकच शब्द औषध, तोफेची दारू आणि पिण्याची दारू असे तिन्ही अर्थ निमूटपणे वाहतो. कन्नडमधील ‘मद्दु’ची गोष्ट फारशी निराळी नाही. खुद्द चिनी भाषेत, जिच्या बोलणाऱ्यांनी ही वस्तू प्रथम सिद्ध केली, तिचे नाव ‘अग्नीचे औषध’ असेच आहे. निरनिराळ्या कुळांतल्या इतक्या भाषांनी मारणाऱ्या वस्तूला तारणाऱ्या वस्तूचे नाव द्यावे, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नव्हे. उसनवारीचा त्यात वाटा असेल. पण उसना घेतलेला शब्दही घेणाऱ्याला पटावा लागतो, तेव्हाच तो घरात राहतो.

पटण्याचे कारण बहुधा असे की या दोन्ही वस्तूंचा गुण त्यांच्या द्रव्यात जेवढा आहे, तेवढाच त्यांच्या परिमाणात आहे. औषध अधिक झाले तर विष होते आणि उणे झाले तर माती. बंदुकीच्या बाराचेही तसेच. उणा पडला तर ‘फुसका बार’ म्हणून हसू होते. अधिक झाला तर नळी फुटून बंदूक धरणाराच जायबंदी होतो. या परिमाणाला मराठीत शब्द आहे ‘मात्रा’. वैद्याची हेमगर्भाची मात्रा असते, छंदःशास्त्रात लघूची एक आणि गुरूच्या दोन मात्रा असतात, तबल्याच्या ठेक्यात मात्रा असतात, आणि देवनागरी अक्षराच्या शिरावरही मात्रा असते. तमिळमध्ये हाच शब्द ‘मात्तिरै’ होऊन औषधाच्या गोळीला आणि उच्चाराच्या कालमानाला सारखाच लागू पडतो. मराठीत ‘गोळी’ वैद्याची आणि बंदुकीची. तमिळमध्ये ‘मात्तिरै’ वैद्याची आणि वैयाकरणाची. या दोन टोकांना जोडणारा प्रश्न एकच आहे: पुन्हा पुन्हा, न चुकता, तेवढेच कसे द्यावे?

हा प्रश्न ज्यांच्यापुढे अगदी उघड्या रूपात उभा राहतो, असा एक छोटा वर्ग आहे. पाश्चात्त्य देशांतील अनेक नेमबाज आपली काडतुसे स्वतः भरतात. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून काडतुसे बनवता येत नाहीत, त्यामुळे हा उद्योग येथे घरोघरी आढळणार नाही. परंतु त्या उद्योगातील एक कूट सर्वांच्या उपयोगाचे आहे. वापरलेली पितळी पुंगळी साफ करावयाची, तिला नवी टोपी बसवावयाची, मोजून दारू घालावयाची आणि वर गोळी बसवावयाची, असा हा क्रम. यांतील मोजण्याची पायरी सर्वांत अवघड. तिचे एकक आहे ग्रेन. सात हजार ग्रेनांचा एक पौंड. म्हणजे एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅमचा. नेमबाजांचे वाद ग्रेनाच्या दहाव्या हिश्शावरून होतात. कंपनी सरकारने १८३३ मध्ये १८० ग्रेनांचा तोळा ठरवला. ९६ गुंजांच्या त्या तोळ्याच्या हिशेबाने हा दहावा हिस्सा एका गुंजेचा जवळजवळ एकोणिसावा भाग होतो. हातावर घेतला तर फुंकरीने उडून जाईल एवढा.

मोजण्याच्या रीती दोन. एक तराजूची, दुसरी मापाची. तराजू प्रत्येक बार तोलून देतो, पण त्याला वेळ लागतो. मापयंत्रात एक ठराविक पोकळी असते. दांडा फिरवला की वरच्या भांड्यातली दारू त्या पोकळीत उतरते, उलटा फिरवला की पुंगळीत रिती होते. शंभर बार भराभर निघतात. मात्र ही पोकळी आकारमान मोजते, वजन नव्हे. आणि ठरलेल्या आकारमानात किती वजन मावेल हे कणांच्या रचनेवर ठरते. चकत्यांची दारू एका रीतीने बसते, बारीक गोल कणांची दुसऱ्या रीतीने, काड्यांची तिसऱ्याच. वरचे भांडे अर्धे झाले की दाब बदलतो, मेज हलले की कण अधिक दाटीने बसतात, दांडा एकदा हळू आणि एकदा झटक्याने फिरवला की दोन बारांत फरक पडतो.

धान्याच्या बाजारात वाढलेल्या कोणाही माणसाला हे नवीन वाटणार नाही. पायली, शेर, मापटे, चिपटे ही सारी आकारमानाचीच मापे होती; तमिळ देशातले ‘पडि’ आणि ‘मरक्काल’ त्यांचेच भाऊबंद. माप सपाट द्यावयाचे की शीग लावून, हलवून भरावयाचे की वरून सोडावयाचे, यावर गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचा तंटा पिढ्यान्‌पिढ्या चालला. दोघांच्या हातांत माप एकच असे. तंटा असे तो भरण्याच्या पद्धतीचा.

म्हणून अनुभवी नेमबाज यंत्राइतकेच आपल्या हाताकडे लक्ष देतो. त्याची शिस्त साधी आहे. वरचे भांडे ठराविक रेषेखाली जाऊ द्यावयाचे नाही, दांडा प्रत्येक वेळी त्याच गतीने फिरवावयाचा, टोकाला जाऊन थांबण्याचा अवधीही तोच ठेवावयाचा, आणि मधूनमधून एखादा बार तराजूवर टाकून पाहावयाचा. येथे कौशल्यापेक्षा सातत्याला किंमत आहे; किंबहुना हेच येथले कौशल्य. काम करणाऱ्याने स्वतःला घड्याळाच्या लंबकाजवळ नेऊन ठेवावयाचे असते.

आता या व्यवहारात एक भेद लपलेला आहे, आणि तो ध्यानी घेतल्याखेरीज पुढचे सर्व बोलणे व्यर्थ आहे. एखाद्याचा तराजू नेहमी थोडे अधिक दाखवतो असे समजा. तो सदोष आहे, पण त्याचा दोष एकनिष्ठ आहे. नेमबाज आपल्याच तराजूवर, आपल्याच बंदुकीसाठी, प्रयोगांती ठरवलेला बार भरत असेल, तर या दोषाने त्याच्या नेमात काडीचाही फरक पडणार नाही. सर्व गोळ्या एकाच ठिकाणी लागतील. परंतु त्याने दुसऱ्याने छापलेल्या कोष्टकातला आकडा घेतला, की तोच निरुपद्रवी दोष अनर्थ करू शकतो. कारण कोष्टक करणाराचा तराजू निराळा होता. सातत्य आणि अचूकता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. माणूस एकटा असतो तोवर पहिलीवर भागते. दुसरा माणूस आला की दुसरीवाचून गत्यंतर नाही.

सहाणेवर बाळगुटी उगाळणारी आजी पहिल्या कोटीतली. हळकुंडाचे दोन वेढे, जायफळाचा एकच, मायफळाचा अर्धा. हे तिचे मान. त्या वेढ्यात किती द्रव्य उतरते हे तिला कोणी विचारले असते तर तिने प्रश्नकर्त्याची कीव केली असती. सहाण तीच, हात तोच, दाब तोच. सबब मात्राही तीच. त्या घरापुरते हे माप कोणत्याही काट्याइतके विश्वसनीय होते. तिच्या मागे सुनेने वहीत ‘दोन वेढे’ असे उतरवून घेतले, आणि त्या क्षणी माप हरवले. शब्द वहीत आले, हात वहीत येऊ शकला नाही. परंपरा तुटते ती अशा जागी. शब्द विसरल्याने क्वचितच, शब्दामागचे परिमाण गेल्याने बहुधा.

गुंजेची कथा हीच आहे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे कोष्टक मराठी शाळांतून घोकले गेले. तमिळ सोनारही तीच तांबडी-काळी बी ‘कुंडुमणी’ म्हणून पारड्यात टाकत असे, आणि तिच्या दुपटीला ‘मंजाडी’ म्हणजे रतनगुंजेची बी घेत असे. प्रत्येक बी दुसरीसारखी असते हा मात्र समज. हिऱ्याच्या वजनाला ‘कॅरट’ हे नाव ज्या झाडाच्या बीवरून पडले, त्या कॅरोबच्या बियांची कीर्ती तर जगभर होती. २००६ मध्ये संशोधकांनी त्या तोलून पाहिल्या, तेव्हा इतर झाडांच्या बियांइतक्याच त्याही लहानमोठ्या निघाल्या. मग शतकानुशतके व्यवहार चालला कसा? कारण सोनार बी आंधळेपणाने उचलीत नव्हता. फार लहान, फार मोठी, किडकी, पोचट तो बाजूला सारीत असे. निसर्गाने न दिलेली समानता माणसाच्या निवडीने दिली होती. १९५६ च्या कायद्याने भारतात दशमान वजने आली आणि निवडीची ही जबाबदारी सोनाराच्या बोटांतून निघून सरकारी शिक्क्यात गेली. व्यवहार सुरक्षित झाला. बोटे मात्र अडाणी झाली.

छंदःशास्त्राने या अडचणीतून काढलेली वाट पाहण्यासारखी आहे. ‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन तमिळ व्याकरणात मात्तिरैचे मान डोळ्याची एक उघडझाप किंवा बोटांची एक चुटकी असे दिलेले आहे. ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन, व्यंजनाची अर्धी. उघडझाप प्रत्येकाची निराळी, चुटकीही निराळी. तरी ग्रंथकाराला त्याची चिंता नाही. कारण त्याने काळ बांधून दिलेला नाही, प्रमाण बांधून दिले आहे. संथ म्हणणारा आणि जलद म्हणणारा, दोघेही शुद्ध म्हणू शकतात; अट एवढीच की ज्याने जी चुटकी पहिल्या चरणात धरली, ती त्याने शेवटच्या चरणापर्यंत सोडू नये. मराठीतल्या मात्रावृत्तांचाही आधार हाच. कवितेला अचूकतेची गरज नाही, सातत्याची आहे. परंतु त्या कवितेचे भाषांतर करावयाचे झाले, की एका भाषेतली चुटकी दुसऱ्या भाषेत चालत नाही, आणि तेथे पुन्हा तो दुसरा माणूस, ते दुसऱ्याचे कोष्टक, समोर येऊन उभे राहते.

दारूच्या मोजमापाला शास्त्राचे रूप ज्याने दिले, तो बेंजामिन रॉबिन्स या चोलमंडळ किनाऱ्यावरच वारला, ही गोष्ट चेन्नईतही फार थोड्यांना ठाऊक असते. १७०७ मध्ये इंग्लंडातील बाथ येथे जन्मलेल्या या गणितज्ञाने १७४२ मध्ये तोफविद्येच्या नव्या तत्त्वांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवर बार किती जोराचा झाला हे गोळी किती लांब गेली यावरून अदमासाने ठरत असे. रॉबिन्सने लोखंडी दांड्याला जाड लाकडी फळी जोडून एक लंबक टांगला, त्यावर गोळी झाडली, आणि लंबक किती मागे सरला हे त्याला जोडलेली फीत किती बाहेर ओढली गेली यावरून मोजले. त्या फितीच्या लांबीवरून गोळीचा वेग काढता येऊ लागला. सेकंदाला दीड हजार फुटांहून अधिक वेगाने जाणारी, डोळ्यांना न दिसणारी वस्तू एका शांत लाकडी झोक्याने मोजली गेली. दारू तोलणे निराळे आणि दारूने काय केले हे तोलणे निराळे; रॉबिन्सने दुसरे केले, म्हणून पहिल्याची परीक्षा शक्य झाली. हवेतला ओलावा दारूचा जोर कमी करतो हेही त्याने नोंदवले. तराजूत वजन बरोबर भरले, तरी हवा आपला हिस्सा घेऊन जातेच.

या ग्रंथाचा पुढचा प्रवास तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावा असा आहे. १७३९ मध्ये रॉबिन्सने लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाच्या यांत्रिकीवरील ग्रंथावर प्रतिकूल टीका केली होती. त्याच ऑयलरने सहा वर्षांनी आपल्या टीकाकाराचा ग्रंथ जर्मनमध्ये आणला, आणि त्याला मूळ ग्रंथाच्या कित्येक पट विस्ताराची टिप्पणी जोडली. जुना राग त्याने तराजूत घातला नाही. १७७७ मध्ये ह्यू ब्राऊनने त्या टिप्पणीसह तो इंग्रजीत परत नेला. म्हणजे इंग्रजी ग्रंथ जर्मनमार्गे, वजन वाढवून, स्वतःच्याच भाषेत परत आला. या भाषांतरात एक मौजेचा मतभेद आहे. गोळी वाटेत एका बाजूला का वळते, याचे कारण रॉबिन्सने तिचे फिरणे हे दिले होते. ऑयलरला ते पटले नाही. गोळीची घडण ओबडधोबड असते म्हणून ती वळत असेल, असे त्याने टिप्पणीत लिहिले. रॉबिन्सचे म्हणणे खरे होते. पण पुढे या परिणामाशी एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस याचेच नाव जोडले गेले. अनुवादकाची टीप मूळ लेखकापेक्षा वजनदार झाली की काय घडते, याचा हा धडा आहे. ऑयलरच्या मनात द्वेष नव्हता, श्रमांत कसूर नव्हती. केवळ त्याच्या नावाचे वजन अधिक होते, आणि वाचकांनी ते वजन पुराव्याच्या पारड्यात मोजले.

ईस्ट इंडिया कंपनीने रॉबिन्सला आपला प्रमुख अभियंता नेमून १७५० मध्ये येथे आणले. १७४६ मध्ये फ्रेंचांनी जिंकलेले मद्रास नुकतेच इंग्रजांना परत मिळाले होते, आणि त्याची तटबंदी नव्याने बांधावयाची होती. वर्षभरात, २९ जुलै १७५१ रोजी, कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात तापाने त्याचा अंत झाला. ज्याने दारूवरचा ओलाव्याचा परिणाम मोजला, त्याच्या देहाला या किनाऱ्याची हवा मानवली नाही.

पुढे याच नगरात तोफेच्या आवाजाचेही मोजमाप झाले. नुंगंबाक्कमच्या वेधशाळेचा अधिकारी जॉन गोल्डिंगहॅम हा सेंट जॉर्ज किल्ल्यावरच्या आणि सेंट थॉमस टेकडीवरच्या नित्याच्या तोफांकडे कान लावून बसे. किल्ला अडीच मैलांपलीकडे, टेकडी साडेपाच मैलांपलीकडे. उजेडाचा लोळ दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत कालमापकाचे ठोके मोजावयाचे: किल्ल्यासाठी सुमारे बारा सेकंद, टेकडीसाठी सुमारे सव्वीस. असे शेकडो वेळा, ऋतूमागून ऋतू, उष्णता, ओलावा आणि वारा यांच्या नोंदींसह. १८२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचा वृत्तांत छापला. येथे बारात दारू कमीअधिक असती तरी विशेष बिघडत नव्हते. मोठ्या बाराचा आवाज मोठा होतो, त्यामुळे लवकर पोहोचत नाही. समान ठेवावयाचा होता तो ऐकणारा माणूस.

ऐकणारा माणूस समान ठेवणे किती कठीण, हे खगोलशास्त्राने त्याआधी अनुभवले होते. १७९६ मध्ये ग्रिनिचच्या राजज्योतिषी मॅस्केलिनने आपल्या साहाय्यकाला काढून टाकले, कारण ताऱ्याच्या संक्रमणाची त्याची वेळ मॅस्केलिनच्या वेळेपेक्षा सेकंदाच्या काही अंशाने मागे पडे. पुढे बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने दाखवले की असा फरक कोणत्याही दोन निरीक्षकांत असतो, आणि तो बऱ्याच अंशी स्थिर असल्याने हिशेबात वजा करता येतो. म्हणजे त्या साहाय्यकाचा अपराध चुकण्याचा नव्हता. दुसऱ्यापेक्षा निराळा पण आपल्यापुरता एकनिष्ठ असण्याचा होता. धनी आणि चाकर यांत निराळे कोण, हे ज्याच्या हाती तराजू त्याने ठरवले.

वेधशाळेच्या जागी आज हवामान खात्याचे कार्यालय आहे, आणि तेथे अठराव्या शतकातला ग्रॅनाइटचा खांब उभा आहे. दुर्बीण हलू नये म्हणून तो उभारला होता. त्यावर लॅटिन, तमिळ, तेलुगू आणि हिंदुस्थानी अशा भाषांतून लेख कोरलेले आहेत. एका अचल दगडाला चार भाषांची साक्ष लागावी, यात जे औचित्य आहे ते कोरणाऱ्यांच्या मनात होते की नाही न कळे. उत्तर चेन्नईत ‘पावडर मिल्स रोड’ नावाचा रस्ताही आहे. त्यावरून जाणाऱ्या फार थोड्यांना दारूच्या गिरण्यांची आठवण होत असेल.

दारू भरण्याचे काम मात्र तमिळनाडूत थांबलेले नाही. शिवकाशीच्या आसपासच्या शेडांतून हजारो हात फटाक्यांत मिश्रण भरत असतात. एका खोलीत किती माणसे बसावी, किती मिश्रण असावे, याचे नियम आहेत. कारण चिमटीत मावणाऱ्या मात्रेचा हिशेब चुकला तर शेड उरत नाही. ५ सप्टेंबर २०१२ रोजी मुदलीपट्टी गावच्या एका कारखान्यात झालेल्या स्फोटांत चाळीसच्या आसपास माणसे गेली. मदतीला धावलेले आसपासचे लोकही त्यांत होते. नेमबाज आपला बार स्वतः भरतो आणि स्वतःच उडवतो. चुकीचे फळ भोगणारा तोच असतो. येथे भरणारा एक, पेटवणारा दुसरा. चेन्नईच्या गल्लीत दिवाळीच्या पहाटे वात पेटवणाऱ्या मुलाला आपल्या हातातली मात्रा कोणी मोजली हे ठाऊक नसते, आणि मोजणाऱ्याला तो मूल ठाऊक नसतो. दोघांत विश्वासाखेरीज दुसरा दुवा नाही, आणि त्या विश्वासाची मजुरी नगावर ठरते. घाईला पैसे मिळतात, सातत्याला नाहीत. अपघातानंतरच्या चौकशा जेव्हा निष्काळजीपणाचे नाव घेतात, तेव्हा हा व्यवहारही पारड्यात घालावयास हवा.

विद्वानांच्या व्यवहारातही भरणारा एक आणि पेटवणारा दुसरा असेच असते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे गुस्टाफ ओपर्ट यांनी १८८० मध्ये प्राचीन हिंदूंच्या शस्त्रास्त्रांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि १८८२ मध्ये ‘शुक्रनीतिसारा’ची आवृत्ती काढली. त्या ग्रंथात ‘अग्निचूर्ण’ आहे, नालिकास्त्रे आहेत, घटकद्रव्यांची पलांत मोजलेली प्रमाणे आहेत. ग्रंथ अतिप्राचीन मानून ओपर्ट यांनी बंदुकीची दारू भारतातच निर्माण झाली असा सिद्धान्त मांडला. जर्मन पंडिताने भारताला दिलेला हा मान पुष्कळांना गोड वाटला आणि तो पुस्तकांमागून पुस्तकांत उतरत गेला. ग्रंथातील प्रमाणे किती नेमकी आहेत हे सर्वांनी पाहिले. ग्रंथ केव्हाचा हे तोलण्याची घाई पुष्कळांना नव्हती. १९६२ मध्ये लल्लनजी गोपाल यांनी शुक्रनीती हा एकोणिसाव्या शतकातला ग्रंथ असल्याचे प्रतिपादन केले. तत्पूर्वी, १९५३ मध्ये, पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील आतषबाजीच्या इतिहासावर लिहिताना निराळा मार्ग धरला होता. इ. स. १४०० ते १९०० असा काळ त्यांनी प्रथम आखून घेतला. गजपती प्रतापरुद्रदेवाच्या ‘कौतुकचिंतामणी’सारखे संस्कृत ग्रंथ, प्रवाशांची वर्णने, बखरी आणि पत्रे असा पुरावा त्यांनी कण कण तोलून ठेवला. त्यांना काही सिद्ध करून दाखवण्याची घाई नव्हती. गोडे यांचे लेखन वाचताना दांडा त्याच गतीने फिरत असल्याचा भास होतो.

ओपर्ट अप्रामाणिक होते असे म्हणता येणार नाही. त्यांच्या श्रमांनी अनेक हस्तलिखिते प्रकाशात आली. परंतु अनुकूल पुराव्याला त्यांनी शीग लावली आणि प्रतिकूल पुरावा सपाट मापाने घेतला. ही चूक कोणाच्याही हातून, कोणत्याही भाषेत होऊ शकते, आणि आपल्या भाषेच्या प्रेमात ती फार सहज होते. मराठीतील एखाद्या कवीचे मोठेपण एका मापाने आणि तमिळमधील समकालीनाचे दुसऱ्या मापाने भरले, तर तुलनेच्या नावाखाली धान्यबाजारातला जुना तंटाच चालू राहतो. निव्वळ सातत्यही तेथे पुरत नाही. कारण आपलेच एकनिष्ठ माप सर्वांना लावणारा मॅस्केलिनसारखा आपल्या साहाय्यकाला घरी पाठवतो. आपला तराजू किती झुकतो हे दुसऱ्याच्या तराजूशी भिडवून पाहावे लागते, तो झोक हिशेबात घ्यावा लागतो, आणि मगच आकडा लिहावा लागतो.

भाषांतर वाचणाऱ्याला मूळ भाषा येत नसते. म्हणूनच तो भाषांतर वाचतो. मात्रा तपासण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. भाषांतरकाराने कोठे ठासून भरले, कोठे हात आखडला, हे त्याला कधीच कळणार नाही. ज्याला तपासता येत नाही त्याच्यासाठीही काटा तसाच स्थिर धरणे, हे या धंद्यातले व्रत आहे. ते व्रत वैद्याचे आहे, सोनाराचे आहे, शिवकाशीच्या शेडमधल्या अनाम हातांचे आहे. पंडितांना त्यातून सूट मिळण्याचे काही कारण दिसत नाही.